एका व्हर्निअरचा जळफळाट

मित्रांनो, आमच्या दुकानाच्या काउंटरला आतल्या बाजूने तीन खण आहेत. त्यातला सगळ्यात खालचा उघडलात तर आधी तुम्हाला स्टेपलर दिसेल. त्याच्याखाली शाई आटलेली दोन पेनं, एक तुटका कंगवा आणि कुणाच्या तरी चष्म्याची एक काडी. या सगळ्या मंडळींच्या तळाशी, जरा तिरका होऊन पडलेला जो जुना पोलादी व्हर्निअर आहे, तो मी. म्हणजे आतापर्यंतचा माझा पत्ता तरी हाच होता.

तुमच्यापैकी जे वरच्या वर्गात गेले असतील त्यांनी माझं चित्र विज्ञानाच्या पुस्तकात पाहिलं असेल आणि परीक्षेत चुकीचं काढलंही असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. एक लांब पट्टी, तिच्यावर बारीक रेघा. पट्टीच्या टोकाला एक न हलणारा जबडा आणि तिच्यावरून पुढेमागे सरकणारा दुसरा. या दोघांत वस्तू धरली की तिचं माप कळतं. भोकाच्या आतलं माप घ्यायला वरच्या अंगाला दोन छोटे जबडे, आणि खोली मोजायला मागे शेपटीसारखी बारीक सळी. एकूण चार जबडे असून मी आयुष्यात कुणाला चावलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकून तुमचा तसा समज होऊ शकतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका खेपेला आम्ही चाळीस भावंडं. तापवलं, थंड केलं, घासलं, पुन्हा घासलं. शेवटी एका बाईंनी भिंगातून माझ्या रेघा बघितल्या आणि "ठीक" एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं की कौतुक म्हणजे काहीतरी मोठं असणार, हे काय एवढंसं! नंतर खणात पडल्यावर त्या "ठीक"ची किंमत कळली.

मला विकत घेतलं ते मामांनी. मामा म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. गाड्यांचे सुटे भाग विकायचे. त्यांना गिऱ्हाइकंसुद्धा मामाच म्हणायची, आणि वयाने मोठी असलेलीही म्हणायची. मामांच्या शर्टाचा डावा खिसा हे माझं घर. माझ्या वजनाने आणि टोकांनी खिसे फाटायचे, म्हणून मामींनी प्रत्येक शर्टाच्या खिशाला आतून जाड कापडाचं अस्तर लावलं होतं. "नवऱ्यापेक्षा याच्यासाठी जास्त शिवते मी," असं त्या म्हणायच्या. ते ऐकून माझ्या अंगावर नसलेलं मूठभर मांस चढायचं.

मामांची काम करायची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना भाग घेऊन यायचं. मामा आधी तो कागद सोडायचे. भागावरून अंगठा फिरवायचे. मग विचारायचे, "कधीपासून त्रास आहे?" गिऱ्हाईक जे सांगायचं ते शेवटपर्यंत ऐकायचे. त्यात गाडीची कहाणी असायची, मेव्हण्याची तक्रार असायची, कधीकधी गुडघेदुखीही असायची. सगळं ऐकून झालं की मामांचा हात खिशाकडे यायचा. त्या क्षणी सगळं दुकान माझ्याकडे बघत असायचं. मी माप सांगायचो, मामा मागे वळून मापाची डबी काढायचे. पंचवीस वर्षं हे असं चाललं. दुकानात माझ्याहून मोठा कुणी नव्हता. म्हणजे वजनकाटा होता, पण त्याला खिशात घालून कुणी फिरत नाही.

मग मामांचे गुडघे गेले. (इतकी वर्षं दुसऱ्यांचे ऐकले होते.) ते घरी बसले आणि दुकानात त्यांच्या बहिणीचा मुलगा आला. हा भाचा चांगला पस्तिशीचा, संसारी माणूस. स्वभावाने वाईट नाही. पण तो एकटा आला नाही. त्याने बरोबर कॉम्प्युटर आणला.

मित्रांनो, पोटात दुखणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. मला पोट नाही, त्यामुळे माझ्या शेपटीत दुखायला लागलं. काय ते त्याचं कोडकौतुक! त्याच्यासाठी काउंटरची मधली जागा रिकामी केली. त्याला धूळ लागू नये म्हणून रोज संध्याकाळी झालर लावलेलं कापड घालायचे. झालर! मला पंचवीस वर्षांत तेलाचं फडकं मिळालं, आणि तेही आधी दुसऱ्या कुणासाठी वापरलेलं. त्याला उकडतं म्हणून वरचा पंखा त्याच्याकडे फिरवला. आणि मामांच्या खिशासारखाच भाच्याच्या शर्टाचा जो डावा खिसा होता, त्यात एक मोबाइल राहायला आला. तो गुळगुळीत प्राणी दर पाच मिनिटांनी लाडात येऊन थरथरायचा आणि भाचा त्याला लगेच बाहेर काढून बघायचा. मी आयुष्यात कधी थरथरलो नाही. थरथरणाऱ्या व्हर्निअरला कोण ठेवेल?

मला पहिल्या खणात ठेवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. शेवटी मला स्टेपलरचाही हेवा वाटायला लागला, कारण त्याला निदान रोज कुणीतरी दाबत होतं.

आता दुकान कसं चालायचं ते ऐका. गिऱ्हाईक आलं की भाचा मान वर न करता विचारायचा, "कोणती गाडी? कोणतं मॉडेल? कोणतं साल?" हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नसे. एकदा एक आजोबा हातात एक बोल्ट घेऊन आले.

"याच्यावर बसेल असा नट द्या."

"कोणती गाडी?"

"गाडी नाही हो. खुर्चीचा आहे."

"खुर्ची कोणत्या सालची?"

आजोबांनी थोडा वेळ विचार केला. "लग्नानंतर घेतली," ते म्हणाले. भाच्याने तेही टाइप केलं की काय ते मला खणातून कळलं नाही, पण शेवटी तो म्हणाला, "येत नाही."

हा "येत नाही" म्हणजे त्याचा हुकमाचा शब्द. आमच्या धंद्यात एखादा भाग बाजारात मिळेनासा झाला की म्हणतात, तो आता येत नाही. मामांच्या तोंडून हे वर्षातून दोनदा निघायचं, आणि तेही कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं. भाचा दिवसातून वीसदा म्हणायचा. त्याला स्वतःला जे येत नव्हतं ते तो बिनदिक्कत भागाच्या नावावर खपवायचा. आजोबांना हवा होता तसला नट त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर डबीत पडला होता. मी खणातून ओरडलो असतो. पण खरं सांगू? मी ओरडलो नसतो. गिऱ्हाईक नाराज होऊन पायऱ्या उतरलं की मला बरं वाटायचं. माझ्या मनात यायचं, जा, सगळ्यांना सांगा, तो झालरवाला काही कामाचा नाही. हेवा माणसालाच काय, पोलादालाही गंज लावतो. माझ्या खालच्या जबड्यावर तो तेव्हाच धरायला सुरुवात झाली.

आणि मग एका शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला व्हॅनवाल्या ताई आल्या.

ताई शाळेची मुलं ने-आण करायच्या. अकरा मुलं, एक व्हॅन, आणि ती व्हॅन त्यांनी स्वतः चालवायची. त्या आठवड्यात त्या तिसऱ्यांदा आमच्या पायऱ्या चढत होत्या. त्यांना हवं होतं मागच्या चाकाचं ऑइल सील. ऑइल सील म्हणजे धातूच्या कड्यात बसवलेली रबराची रिंग. चाकाच्या दांड्याला ती घट्ट बिलगून बसते आणि आतलं तेल बाहेर येऊ देत नाही. माप जरा मोठं झालं तर तेल गळून ब्रेकवर जातं. मग ब्रेक लागत नाही.

ताईंनी काउंटरवर एकामागून एक तीन सील मांडली.

"हे सोमवारी दिलंत ते. हे बुधवारी दिलंत ते. आणि हे माझं जुनं, जे तुम्ही दोन्ही वेळा कागद सोडूनसुद्धा बघितलं नाहीत."

"ताई, तुमच्या गाडीला कॉम्प्युटर हेच दाखवतोय."

"मग कॉम्प्युटरच्या चाकाला बसवा."

मी खणात गार झालो. इतकं छान वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

"मिस्त्रीने नीट बसवलं नसेल," भाचा म्हणाला.

"मिस्त्री म्हणतो दुकानदाराने नीट दिलं नसेल. तुम्ही दोघं एकदा बसून ठरवा. तोवर मी अकरा मुलं पाठीवर घेऊन शाळेत सोडते." ताईंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अहो, ऐका ना जरा. साडेपाचला गाडी तपासणीची खिडकी बंद होते. आजचा शेवटचा दिवस. चाकाशी तेल दिसलं की ते शिक्का देत नाहीत. आणि शिक्का नसला तर सोमवारपासून माझी फेरी दुसऱ्याला. शाळेने लेखी दिलंय मला."

भाच्याने पहिल्यांदा मान वर केली.

"मी पहिल्याच दिवशी सांगत होते," ताई म्हणाल्या, "की आधीच्या मालकाने मागचा दांडाच बदललाय. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा टाकलाय. मी 'आधीच्या मालकाने' एवढं म्हणेपर्यंत तुम्ही म्हणालात, साल सांगा."

"दुसऱ्या कोणत्या गाडीचा?"

"ते मला माहीत असतं तर मीच दुकान नसतं टाकलं?"

भाच्याने कॉम्प्युटरकडे बघितलं. कॉम्प्युटरने त्याच्याकडे बघितलं. पडद्यावर "गाडी निवडा" लिहिलेलं होतं आणि शेजारी एक छोटी रेघ लुकलुकत होती. दुसऱ्याचा दांडा लावलेली गाडी त्या शहाण्याच्या यादीतच नव्हती. मला झालेला आनंद तुम्हाला सांगितला तर माझ्याबद्दल तुमचं मत वाईट होईल, म्हणून सांगत नाही.

भाच्याचे ओठ सवयीने "ये" म्हणायला उघडले.

"ते 'येत नाही' मला सांगू नका हं," ताई म्हणाल्या. "तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा."

भाचा जुनं सील हातात घेऊन त्यावरचे आकडे शोधायला लागला. पण काढताना पेचकसाने उचकटल्यामुळे आकडे खरवडून गेले होते आणि रबर वाकडंतिकडं झालं होतं. आता मोजायचा तो दांडाच मोजायला हवा होता. त्याने पहिला खण उघडला. दुसरा उघडला. तिसरा उघडला. स्टेपलर बाजूला झाला, आणि तीन वर्षांनी कुणाचा तरी हात माझ्यावर पडला.

त्याने मला शर्टाच्या टोकाला पुसलं, काउंटरची उचलायची फळी उघडली आणि बाहेर आला. या फळीचीही गंमत सांगतो. भाचा आल्यापासून दुपारी ती कधी उघडलीच नव्हती. तिची बिजागरी इतकी करकरली की रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघितलं. जाता जाता मी कॉम्प्युटरकडे एक नजर टाकली. तो एका वायरीने भिंतीला बांधलेला होता. बिचारा.

रस्त्याच्या पलीकडे व्हॅन जॅकवर उभी होती. मिस्त्री चाकापाशी बसला होता.

"अरे, दुकानातला माणूस रस्त्यावर?" तो म्हणाला. "बरं आहे ना सगळं?"

"बाजूला हो, मोजू दे."

भाच्याने दांडा फडक्याने पुसला आणि माझे जबडे त्याच्यावर टेकवले. तो थंड, गोल, तेलकट स्पर्श मी किती वर्षांनी अनुभवत होतो! त्याने वाकून माझ्या रेघा वाचल्या. "साडेपस्तीस."

दुकानात परत येऊन त्याने डब्या काढल्या. साडेपस्तीसचं सील खरोखरच येत नाही. या वेळी त्याची चूक नव्हती. "म्हणजे छत्तीसचंच असणार. दांडा थोडा झिजलाय," तो स्वतःशी म्हणाला. छत्तीसचं निघालं. ताईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"हेच सोमवारी केलं असतंत तर देवासारखे धावून आलात म्हटलं असतं. आज नुसतं धन्यवाद म्हणते," असं म्हणून त्या धावत पायऱ्या उतरल्या. भाच्याने मला खणात न टाकता काउंटरवर ठेवलं. अगदी कॉम्प्युटरच्या शेजारी.

मित्रांनो, इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मी मघापासून टाळतोय. ते माप चुकीचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मामा शिंकले आणि मी खिशातून फरशीवर पडलो. माझी सरकती बारीक पट्टी दोन चिमुकल्या स्क्रूंवर बसवलेली असते. ती अर्धा मिलिमीटर सरकली. तेव्हापासून माझे जबडे पूर्ण मिटले तरी मी शून्य न दाखवता अर्धा दाखवतो. तुमच्या पुस्तकात याला शून्य त्रुटी म्हणतात. मामा म्हणाले, उद्या स्क्रू ढिले करून नीट बसवतो. त्या उद्याला अकरा वर्षं झाली. रोज ते माझं माप बघायचे, मनातल्या मनात अर्धा वजा करायचे आणि बरोबर डबी काढायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं मी अचूक आहे. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

दांडा पस्तीसचा होता. छत्तीसचं सील हाताने बसवताना ठीक वाटलं असतं, तपासणीच्या खिडकीपर्यंतही कोरडं राहिलं असतं कदाचित. आणि मग सोमवारी, अकरा मुलं मागे बसलेली असताना, तेल ब्रेकवर उतरलं असतं. हे मला माहीत होतं. आणि मी काउंटरवर कॉम्प्युटरच्या शेजारी पडून पंख्याचा वारा खात होतो. मला तोंड असतं तर मी बोललो असतो का? जबडे तर चार आहेत. मी खूप विचार केला आहे. माझी खात्री होत नाही.

बोलला तो दुसराच. भाच्याने खिशातून मोबाइल काढला आणि मोठ्या ऐटीत मामांना फोन लावला.

"मामा, आज तुमचा व्हर्निअर काढला! कॉम्प्युटरला जमलं नाही ते याने केलं."

"अरे वा!" मामांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "अर्धा वजा केलास ना?"

"कसला अर्धा?"

"त्याची पट्टी सरकलीय रे. सगळ्यांना अर्धा वाढवूनच सांगतो तो. तुला सांगितलं नाही?"

"कुणी? व्हर्निअरने?"

"मी रे. राहूनच गेलं वाटतं. कुणासाठी मोजलंस?"

"व्हॅनवाल्या ताई. सोमवारपासून येतायत."

"सोमवारपासून? मग सोमवारी काय करत होतास?"

मोबाइल काउंटरवर टाकून भाचा फळीखालूनच वाकून पळाला. उघडण्याइतका वेळही नव्हता. "ताई! थांबा! मिस्त्री, ठोकू नको!" मिस्त्रीने लाकडी हातोडी उचललेली होती, ती तशीच हवेत राहिली. भाचा परत आला, स्टुलावर चढला, वरच्या फळीच्या कोपऱ्यातून पस्तीसची डबी काढली, तिच्यावरची धूळ स्वतःच्या तोंडावर उडवून घेतली आणि पुन्हा पळाला. पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना व्हॅन जॅकवरून उतरली.

पावणेसहा वाजता फोन वाजला. बातमी आली ती त्या गुळगुळीत प्राण्याकडे. ताई नुसतं "झाला शिक्का!" एवढंच ओरडल्या आणि मागून गाड्यांचे भोंगे ऐकू आले. भाच्याने मोबाइलला असं गोंजारलं, जणू काही दांडा त्यानेच मोजला होता. माझी शेपटी दुखायची ती दुखलीच.

त्या दिवसापासून भाचा आधी कागद सोडतो. गिऱ्हाइकाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत गाडीचं साल विचारत नाही. कधीकधी जीभ चावून थांबतो, ते मला दिसतं. "येत नाही" पूर्ण बंद झालेलं नाही, पण त्याआधी तो एकदा उठून डब्यांत बघतो, आणि बऱ्याच वेळा ते येतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी काउंटरच्या आतल्या बाजूला बसेल, कुणी बाहेरच्या बाजूला उभं राहील. आत बसाल तर समोरच्याला आधी पूर्ण बोलू द्या. त्याच्या पुडीत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय नाही म्हणू नका. आणि जे हत्यार वापरता त्याला पुसून ठेवा, त्याची खोड काय आहे ते पुढच्याला सांगून ठेवा. आम्हाला गंज धरतो तो पावसानेच धरतो असं नाही.

भाच्याने माझे स्क्रू अजून नीट बसवलेले नाहीत. उद्या बसवणार आहे. तोवर त्याने माझ्या छातीवर एक पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: "अर्धा वजा." येणारं जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचतं. सुरुवातीला मला फार लाज वाटली. आता वाटत नाही. शेजारी कॉम्प्युटर बसलेला आहे, झालर लावून. त्याच्यातून किती वजा करायचं, ते मात्र अजून कुणी मोजलेलं नाही.